एकादशीचा चिकांदा

प्रिय सौ. नलिनीस,

‘सौ.’ मी हेतुपुरस्सर लिहिले आहे. तू गेलीस त्यास आठ महिने झाले, तरी तुझ्या नावामागे ‘कै.’ लिहिण्यास हात धजत नाही.

पत्रास कारण असे, की आज एकादशी आहे आणि आज मी चिकांदा केला. होय, मी! फ्रीझरच्या तळाशी, मटारच्या पिशवीखाली तुझा तो स्टीलचा लहान डबा होता. त्यात कंदांचे पीठ एका वेळेपुरतेच उरले होते. बिघडले असते तर दुसरी संधी नव्हती.

झांबियातील आपले पहिले वर्ष तुला आठवते का? शेजारच्या बाना मुताले, म्हणजे मुतालेच्या आई, बशीभर तपकिरी चकत्या घेऊन आल्या होत्या. मला त्या सॉसेजसारख्या दिसल्या आणि मी बशी दूर सारली. “अहो, मांस नाही ते, चिकांदा आहे! रानातल्या ऑर्किडचे कंद आणि शेंगदाणे आहेत,” असे म्हणून तू किती हसलीस! मी तरीही चाखले नाही. एवढा ताठा कशाचा होता, हे मला आज सांगता येत नाही.

पुढे एका एकादशीस तू तोच पदार्थ माझ्या ताटात वाढलास.

“कंद, दाणे, मीठ, मिरची. ह्यात उपवासाला न चालणारं काय आहे?”

“शास्त्रात नाही,” मी म्हणालो.

“मग साबुदाणा आहे? बटाटा आहे? तेही परदेशातूनच आले ना! की नावात कांदा आहे म्हणून नको?”

मी “चालत नाही” एवढेच म्हणून उठलो. त्यानंतर तीस वर्षे तू एकादशीस निमूटपणे साबुदाणा भिजवलास आणि चिकांदा द्वादशीस केलास, तोही स्वतःपुरता आणि आपल्या लेकीपुरता, मानसीपुरता. वाद तूच जिंकली होतीस, नलिनी. मग माघार का घेतलीस? एकदा तरी कडाडून भांडायचे होतेस!

सिंगापूरला येताना तू साड्या कमी केल्यास, परंतु कंदांचे पीठ बरोबर घेतलेस. येथे जागोजागी ऑर्किड पाहून तुला कोण गंमत वाटायची! “हे लोक ज्यांची फुलं मिरवतात, त्यांच्या भाऊबंदांना आपण खातो,” असे तू मरीन परेडच्या बसमध्ये मोठ्याने म्हणाली होतीस. मी संकोचून खिडकीबाहेर पाहिले होते.

आता जे लिहावयाचे आहे, ते लिहिण्यास मला आठ महिने लागले.

तुझ्या आजारपणात एका सकाळी तू म्हणालीस, “आज चिकांदा खावासा वाटतोय. मी खुर्चीत बसून सांगते, तुम्ही ढवळा.” आणि मी, मूर्खाने, पंचांग पाहिले. “आज एकादशी आहे. उद्या करू.”

तू हसलीस. “अहो, तुमचं पंचांग माझ्यापेक्षा जास्त जगणार बघा!”

दुसऱ्या दिवशी तुला पाण्याचा घोटही गिळवेना. पाचव्या दिवशी तू गेलीस. तू माझ्यावर रागावली का नाहीस?

म्हणूनच आज मुद्दाम एकादशी निवडली. दुपारी बाना मुताले यांना व्हिडिओ कॉल केला. तिकडे सकाळ होती. दाणे भाजून, साले पाखडून मी सज्ज होतो. ते पाहताच त्यांनी कपाळावर हात मारला.

“बाशी मानसी, भाजले कशाला? कच्चेच कुटायचे असतात!”

मानसीचे वडील, म्हणून त्या मला अजूनही बाशी मानसी म्हणतात. दाण्याचे कूट म्हटले की दाणे भाजायचेच, ही आपली सवय. मला दुसरे काय सुचणार? मी खाली जाऊन कच्चे दाणे आणले. मग उकळते पाणी, मीठ, तिखट, सोडा, कूट आणि शेवटी मुठीमुठीने पीठ. मिश्रण घट्ट होईना, आणि माझा धीर सुटू लागला.

“थांबू नका! हे काय बँकेला पत्र लिहिताय? जोर लावा!”

दंड भरून आला तेव्हा कुठे गोळा कडेने सुटू लागला. मग ओव्हनमध्ये ठेवला. आता हे कंद रानात सहजी मिळत नाहीत, बायकांना फार लांब जावे लागते, असे त्या म्हणाल्या. आणखी पीठ मागण्याचे मी टाळले. तूही मागितले नसतेस.

संध्याकाळी मानसी आणि ईरा त्यांच्या पुंगोलच्या घरून आल्या. तुझ्या फोटोपुढे ऑर्किड होते. मानसी म्हणाली, “बाबा, फुलं आईला आणि कंद आपल्याला?” ईराने चकती दाबून पाहिली आणि तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, “आजोबा, सो बाउन्सी, लाह! कॅन हॅव वन मोर?” आपली नात आहे, तीन खाल्ल्या!

आणि मी? पहिली चकती तुझ्यापुढे ठेवली, दुसरी खाल्ली. आधी दाणे लागतात, मग पावसाळी मातीचा वास येतो आणि तिखट सर्वांत शेवटी. तीस वर्षे हे माझ्या घरात शिजत होते, आणि मी साबुदाणा खात बसलो! उपवास मोडला असे मला मुळीच वाटले नाही. तुझे म्हणणे बरोबर होते. हे तुझ्यासमोर म्हणावयास हवे होते.

डबा धुऊन पुसून ठेवला आहे. आता त्यात कच्चे दाणे भरीन. पुढील एकादशीस ते सुरणाबरोबर शिजवून पाहीन. जमेल तसे जमेल. आणि तुला शब्द देतो: ईराने, मानसीने, कोणीही माझ्याकडे ‘आज’ काही मागितले, तर मी तिथी पाहणार नाही. आधी पातेले चढवीन.

तुझा,
श्रीधर