अमृतच्या गाडीची चासी

४ ऑगस्ट, सोमवार
निर्णय झाला. अमृतला रिमोटवर चालणारी क्रॉलर बनवून द्यायची, दगडांवर चढणारी छोटी खेळातली गाडी असते ती. धाकट्या भावाने अठरा वर्षं जीप चालवली, ट्रेकवाल्यांना गडाच्या पायथ्याला, पालीला नेऊन सोडलं, आणि आता नसांच्या आजाराने खुर्चीत. पाय गेले, हात ठीक आहेत. पुण्याचे डॉक्टर म्हणाले, हात दिवाळीपर्यंतच चालतील असं धरून चाला. डॉक्टर वाढवूनच सांगतात. आठ दिवसांत गाडी तयार.

९ ऑगस्ट
फक्त चासी, म्हणजे खालचा सांगाडा, ठरायची आहे. एक शिडीसारखी, लोखंडी, खऱ्या जीपला असते तशी. दुसरी दोन पातळ पट्ट्यांची. तिच्यात बॅटरी खाली बसते, गाडी सहसा उलटत नाही, पण दिसते खेकड्यासारखी. अमृतला फोन केला. म्हणाला, "दादा, कंची बी घे. पर लवकर घे." त्याला यातलं कळत नाही.

२३ ऑगस्ट
सव्वीस व्हिडिओ पाहिले. पट्ट्यांचीच. शंभर टक्के.

२४ ऑगस्ट
शिडीची.

११ सप्टेंबर
रजा काढली होती. वेल्ह्याला अमृतकडे जाणार होतो, गेलो नाही. चासी ठरल्याशिवाय काय तोंड दाखवायचं? शिवाय भोरहून एसटी बदलत जावं लागतं. दुपारी त्याच्या बायकोचा, सुलक्षणाचा फोन. "भावजी, ह्यांच्या हातातनं कप सुटतुया. तुमी नुसतं येऊन बसा." म्हटलं, नुसतं बसून काय होणार, त्याच्याच कामात आहे. पावसाळी हवेत हात आखडतातच.

२० ऑक्टोबर
टेम्पोवाल्याकडे फराळ पाठवला. अमृतला मोबाईलवर दोन्ही चासींचे फोटो टाकले, एक निवड म्हणून. पाहिले, पण उत्तर नाही. टाईप करायचा त्याला पहिल्यापासून कंटाळा.

२ नोव्हेंबर
शिडीची आली, जोडलीसुद्धा. सुंदर. उशीर झाला असं म्हणणाऱ्यांनी एकदा येऊन बघावं.

९ नोव्हेंबर, रविवार
अमृतला भाड्याच्या जीपमध्ये घालून पालीला नेलं. चार महिन्यांनी भेटलो. बारीक झालाय. ओढ्याकाठच्या दगडांपाशी खुर्ची लावली. सुलक्षणाने त्याची बोटं एकेक करून रिमोटवर बसवली. ट्रिगर ओढला जाईना. आम्ही बराच वेळ थांबलो. मग तो म्हणाला, "तू चालव दादा. कुठनं घ्यायची ते म्या सांगतो."

चालवली. "डावीकडं घे. दम धर. आता सोड." दोनदा उलटली, तिसऱ्यांदा दगडावर चढली. अमृत हसला. त्याच्या तोंडाला आलेली लाळ सुलक्षणाने पदराने पुसली.

परत निघताना तिला सांगितलं, रिमोटची स्प्रिंग कडक आहे, मी सैल करून आणतो. ती त्याचा पट्टा लावत राहिली.

घरी येऊन रिमोट उघडला.

स्प्रिंग कडक नाही. करंगळीने ओढली तरी येते.