ऐंशी खोल्यांचे पडदे

गोवा
२ फेब्रुवारी १९७९

ती. सौ. शोभाताईस,
चंद्रभानचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

रामाजींनी हातमागावरून मान न उचलता मला ‘जा’ म्हटलं, त्या घडीला माझं सगळं बदललं, ताई. दोन वर्षं मी त्यांच्या लेकीपायी, पुष्पलतेपायी, त्या गल्लीत घिरट्या घालतो आहे, आणि ते मला कॉलेज सोडलेला रिकामटेकडा समजत आले. आता स्वतः विणलेले पडदे त्यांनीच माझ्या हाती दिले. हॉटेलवाल्यांनी नमुना मागितला आहे, पसंत करून आण, मग तुझं पाहू, म्हणाले.

हॉटेल अगदी समुद्राला लागून आहे. मॅनेजरनं नमुन्याची जोडी एका रिकाम्या खोलीत टांगली आणि मालकीणबाई मुंबईहून येईपर्यंत तिथंच राहा म्हणाला. त्यांना आवडली तर ऐंशी खोल्यांचं काम रामाजींना. खोली आपल्या अख्ख्या घराएवढी. गादीत माणूस बुडतो, म्हणून मी खाली गालिच्यावर निजतो. टॉवेल चार आकारांचे. कोणता कशाचा, विचारायची लाज वाटते. जिकडे पाहावं तिकडे नवी जोडपी. मी टेबलाशी बसलो की वेटर समोरची दुसरी ताटली उचलून नेतो. रोज तेवढ्यानंच घास कडू होतो.

पुष्पलतेला सांग, थोडी वाट पाहा म्हणावं. बाबांना नमस्कार. लोभ आहे तो पातळ होऊ देऊ नको.

तुझा,
चंद्रभान


नंदनवन, नागपूर
८ फेब्रुवारी १९७९

चि. चंद्रभानास शोभाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझ्या भाऊजींनी गादीचा मजकूर दोनदा वाचला आणि दोनदा हसले. बाबा विचारतात, तिथं वरणभात तरी देतात का.

आता खाली बसून वाच. उमरेडच्या कोळसा खाणीत कारकून असलेल्या एका मुलाकडचे लोक रविवारी, १८ तारखेला, रामाजींकडे सुपारी फोडायला येत आहेत. रामाजींनीच बाबांना सांगितलं. आलेल्याला मी दारातून परतवून लावणार नाही, पण त्याआधी तुमचा पोरगा समोर येऊन बसला तर आधी त्याचं ऐकीन, असं म्हणाले. पुष्पलता मला बाजारात भेटली. भाजी घ्यायचं निमित्त, पिशवी रिकामीच होती. म्हणाली, “शोभाताई, त्याले म्हणा, पडदे राहू दे. तू ये.”

मी तुला ओळखते. प्रोफेसर एक शब्द बोलले म्हणून बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षातून उठून आलास, आणि आजही त्याला स्वाभिमान म्हणतोस. या वेळी तेवढं करू नको, बाळा. मिळेल ती गाडी धर.

तुझ्यावर माया करून थकलेली,
शोभाताई


गोवा
१३ फेब्रुवारी १९७९

ती. सौ. ताईस शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र मिळालं, पण येता येत नाही. मालकीणबाई काल आल्या. कापड चुरगळून पाहिलं, उजेडासमोर धरलं, वीण नामी आहे म्हणाल्या. माझं काळीज सुपाएवढं झालं. मग म्हणतात, किनारीचा हा दातेरी करवतीकाठ काढा, खिडकीत लुगडं वाळत घातल्यासारखं दिसतं. साधे द्या, मी ऐंशीच्या ऐंशी खोल्यांना घेते.

रामाजींचा काठ! एकेक दात तार मोजून उचलतात ते. मी सांगितलं, साधंच हवं असेल तर गोणपाट टांगा. मॅनेजरनं कपाळाला हात लावला. बाई एवढंच म्हणाल्या की मी रविवारपर्यंत आहे, विचार कर. तर मीही आहे. काठासकट हो म्हणवीन तेव्हाच निघेन. रामाजींच्या कापडाची किनार उतरवून मी कोणत्या तोंडानं पोरगी मागू?

उमरेडवाल्यांना चहावर चहा पाजून बसवून ठेवा. बाई रोज जेवणघरात भेटतात, मी मान फिरवतो. समुद्राच्या आवाजानं डोकं उठलं आहे.

रागावलीस तरी आपलाच समज.

चंद्रभान


नंदनवन, नागपूर
२० फेब्रुवारी १९७९

चि. चंद्रभानास आशीर्वाद.

तुझं पत्र शनिवारी आलं. रविवारी सकाळी पाहुणे यायच्या आत मी न् बाबा ते घेऊन रामाजींकडे गेलो. मी वाचून दाखवलं. गोणपाटाचं तेवढं गाळलं. त्यांनी माग थांबवला. बाबांना म्हणाले, “काठ काहून नाही काढला म्हणे त्यानं, बाबाराव? मले पुसलं असतं तर मीच काढला असता. ऐंशी खोल्यांचं काम होतं, गा.”

रागावले असते तर बरं झालं असतं. मग हळूच विचारलं, तो येऊन राहिला का? मी नाही म्हणाले.

त्यांनी पुष्पलतेला बोलावून आमच्यासमोरच विचारलं. ती मागाच्या कांड्या भरत होती, हातातलं सूत तसंच होतं. उमरेडला हो म्हणाली. मी निघाले तेव्हा दारापर्यंत आली आणि म्हणाली, “शोभाताई, मी काही पडद्यांसाठी नव्हती थांबली.”

दुपारी सुपारी फुटली. लग्न वैशाखात.

तिथं कुणाशी भांडू नको. घरी ये. बाबा अर्ध्या ताटावरून उठतात.

शोभाताई


गोवा
२५ फेब्रुवारी १९७९

ती. सौ. ताईस शि. सा. नमस्कार.

पत्र काल मिळालं. वाळूत बसून वाचत होतो, तर एका नव्या नवरदेवानं त्या दोघांचा फोटो काढून मागितला. काढून दिला.

मग मॅनेजरकडे गेलो. बाई गेल्या रविवारीच मुंबईला परतल्या. माझं चुकलं म्हणालो, काठ काढून देतो म्हणालो. हे शब्द माझ्या तोंडातून निघाले यावर तुझा विश्वास बसणार नाही. त्यानं ट्रंककॉल लावला. बाई हो म्हणाल्या. बिनकाठाचे, ऐंशी खोल्यांचे. माझं बोलणं दोन मिनिटांचं, ताई. ती दोन मिनिटं १२ तारखेलाही माझ्याजवळ होती.

कामाचा कागद रामाजींच्या नावानं खिशात आहे. पोस्टानं धाडता आला असता, पण त्यांचं काम मी घालवलं होतं, तर हातानंच द्यावं म्हणतो. पुष्पलता तिथं दारातच कांड्या भरत बसते. तिच्यासमोरून आत जायचं आहे. काय बोलू, ते सकाळपासून शोधतो आहे. काही सापडत नाही.

स्टेशनवर कुणी येऊ नका. कुणी समजूतही घालू नका. तुझी माया उरली असेल तेवढी पुरे.

चंद्रभान

ता. क. पाकीट चिकटवण्याआधी दोन ओळी. पेटी घेऊन बाहेर आलो, व्हरांड्यात उभ्यानं लिहितो आहे. आत पंखा फिरत राहिला. बंद करायला परत गेलो असतो तर पुन्हा खिडकीतल्या त्या पडद्यांसमोर उभा राहिलो असतो. दार ओढून घेतलं.