सात पिशव्या

आई,

तुला बर्फातनं शंभूराजचा दंडवत. मी खुशाल हाय. शेंगदाण्याचं लाडू पोचलं, चौकीवरल्या पोरांनी दोन दिसांत फस्त केलं. तुझा गुडघा कसा हाय? रहिमतपुरात डॉक्टरला दावलास का?

पर डबाभर लाडवांना सात प्लॅस्टिकच्या पिशव्या कशाला गं? हितं लाडू संपत्यात, पिशव्या संपत न्हाईत. बर्फ जरा वितळला की बिस्किटाची, दुधाची जुनी पाकिटं वर येत्यात, आत्ता दुकानातनं आणल्यागत. वारं सुटलं की सगळी एकदम वाजत्यात. कुणीतरी पार्सल उघडतंय असं वाटतं.

काल बर्फ उपसताना एक पुडकं घावलं. एकात एक सात पिशव्या, वर तुझ्या लाल दोऱ्याची गाठ. आत काईच न्हवतं. "पिशव्या टाकू नगा, माघारी आणा," असं तू आमा दोघा भावांना सांगायचीस. दादानं लाडू खाऊन पिशव्या जपून ठेवल्या हुत्या.

ह्याच चौकीवरनं दादा बर्फात गडप झाला, त्याला अकरा वर्सं झाली. त्यो अजून घावला न्हाई. पिशव्या मात्र कोऱ्या हायत.

सुट्टीला येताना त्या घिऊन येतो. म्होरलं पार्सल जुन्या लुगड्यात बांध. मागं ऱ्हायलं, तरी लुगडं वाजत न्हाई.

तुझा धाकटा,
शंभूराज