खंदकाचा गाळ

प्रिय ब्रायोनी,

सप्टेंबरात तू विद्यार्थ्यांना घेऊन आपल्या खंदकात उत्खनन करणार, ही बातमी तुझ्या बाबांनी पबमध्ये इतक्यांदा सांगितली की शेजारचा रेग म्हणाला, "बास की आता आर्थर! लेक येतेय की राणीसाहेब?" आजारपणानंतर ते पहिल्यांदाच इतके खुलले होते.

घराभोवतीचं ते हिरवं पाणी म्हणजे माझ्या लेखी डासांचं माहेर. सातशे वर्षांपूर्वी कुणा सधन शेतकऱ्याने ते लढाईसाठी नव्हे, शेजाऱ्यांवर छाप पाडायला खणलं, हे तू सांगितलंस तेव्हा बाबांकडे बघून मी केवढी हसले होते. तळच्या गाळात हवा शिरत नाही, म्हणून लाकूड, कातडं, धान्याचे दाणेसुद्धा टिकतात, हेही तूच शिकवलंस. जुन्या पुलाचे खांब त्यातच असणार, म्हणून तू इतकी वर्षं सरकारी परवानगीमागे धावलीस.

आता पुढचं बसून वाच. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मी बहिणीकडे इप्सविचला होते. परत आले तर खंदक रिकामा. घरी मोठं कार्य असलं की आधी खंदक उपसायचा, ही बाबांच्या वडिलांपासूनची रीत, पण आजवर फावड्याने वरवरचाच गाळ निघायचा. बाबांनी रेगचं खोदयंत्र आणून सगळा गाळ काढला, खत म्हणून बीटच्या शेतात पसरला आणि नांगरूनही टाकला. "काळी लाकडं होती गं मार्जरी, हात लावला की भुगा. पोरीचं निम्मं काम मीच उरकलं बघ," म्हणाले. यंत्राने तळाची चिकणमातीही फाडली आहे. पाऊस पडतो आणि मुरून जातो.

"छान केलंत," असं म्हणून मी स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला आणि रडले. तुझ्या आयुष्याचं काम मातीत गेलं गं. मला काही सुचत नाही, कशातच जीव लागत नाही.

डॉक्टर म्हणतात, बाबांना नाताळ दिसणार नाही. हे बाबांना ठाऊक नाही. रोज काठाशी खुर्ची टाकून तुझी वाट बघतात. तू अचानक येऊन तो खंदक पाहिलास, तर तुझ्या चेहऱ्यावरूनच त्यांना सगळं कळेल, म्हणून हे आधी लिहिलं. काय ओरडायचं ते फोनवर माझ्यावर ओरड. विद्यार्थ्यांना आणू नकोस. गाडी फाटकाबाहेर थांबवून हवं तेवढं रडून घे, मग कामाचे कपडे घालून खंदकात उतर. तिथे काही उरलेलं नाही. तरी ते काठावर बसलेत तोवर खोदत राहा.

तुझीच, हात टेकलेली
आई