पुण्याला मी परदेशी

३ जून १९४८, काचीगुडा, हैदराबाद
पुण्याच्या कॉलेजातून अर्ज परत. मानसशास्त्राच्या बी.ए.चा. मला 'हिंदी संघराज्याबाहेरील विद्यार्थी' या खात्यात घातलंय. घरात मराठी, भांडण मराठीत, आणि पुण्याला मी परदेशी. वा रे वा.
हरकती दोन. एक, जन्मसाल १३३९ कसं? चूक माझीच. इथल्या शाळेत सगळं निजामाच्या फसली सनात, हात तसाच चालला. तिथल्या कारकुनाने बाजूला पेन्सिलीने लिहिलंय, 'वय ६०९?' मेल्याला हसू आलं असेल.
दोन, पालकाची सही नाही.

५ जून
अप्पा सही करत नाहीत. निजाम सरकारात पेशकार ना! मुलगी हिंदुस्थानात शिकायला धाडली हे साहेबाला कळलं तर नोकरी जाईल म्हणे. वर विचारतात, वेड्यांचं शास्त्र शिकून करणार काय? घरातच उपयोगी पडेल, म्हटलं. आईने लाटणं आपटलं.
जागा मिळाली नाही तर सिकंदराबादचं रेल्वेतलं स्थळ पक्कं. तो माणूस बोलता बोलता दात कोरतो. मी मेले तरी करणार नाही.

९ जून
नारायणगुड्याच्या मामाने पालक म्हणून सही केली. साल १९३० केलं. अर्ज टपालात. अप्पांना सांगितलं नाही, सांगणारही नाही.

२ ऑगस्ट
जागा मिळाली!! परदेशी विद्यार्थ्यांची एकच होती, ती मला. दिवाळीनंतर हजर व्हायचं.
पत्र अप्पांनीच फोडलं. तेव्हापासून माझ्याशी बोलणं बंद. बरंच झालं, कटकट गेली.

२० सप्टेंबर
हिंदी फौज आली. निजामाने हत्यारं टाकली. गल्लीत पेढे, तिरंगे. अप्पा खिडक्या लावून बसलेत. मला मात्र खरोखर आनंद झाला. आता कोण अडवतं बघू.

११ ऑक्टोबर
कॉलेजचं पत्र. हैदराबाद आता परदेश राहिलेलं नाही, सबब ती जागा रद्द. सर्वसाधारण यादीत नव्याने अर्ज करावा. वडील हयात असल्यास सही वडिलांचीच. शनिवारच्या आत पोचला पाहिजे.
सगळं हैदराबाद सुटलं, आणि मी अडकले. दुपारभर रडले. आई म्हणते, नशीब. नशीब कसलं डोंबलाचं?

१३ ऑक्टोबर
अप्पा आपणहून बोलले. "आण तो अर्ज. सही करतो."
अडीच महिन्यांनी पहिलं वाक्य. वाटलं, पाघळले. मी अर्ज आणायला उठले, तर म्हणाले, "सोमवारी हिंदी सरकारच्या नव्या साहेबाने चौकशीला बोलावलंय. मुलगी पुण्याला शिकायला चालली, एवढं तरी सांगता येईल."
जूनमध्ये मी गेले तर नोकरी जात होती. आता मी गेले तर राहते. मी काय यांचा दाखला आहे? अर्ज आणला, पण हातात दिला नाही.
ते पेनचं टोपण काढून बसलेत. अर्ज माझ्या मांडीवर. चारचं टपाल चुकलं तर शनिवार गाठत नाही.
साडेतीन झालेत. हाक मारतायत.