भाऊजींचा पुढे आलेला हात

मंगळवार, ४ मार्च

ताईचं डोकं पुन्हा दुखलं. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, पण दुसऱ्याचं नाव काढलं की अंगावर येते. "एकाने भागतंय ना माझं? मग!"

आज भाऊजींची स्लाइड व्ह्यूअरच्या डबीत घालून, दोन्ही डोळे लावून बसली होती. दोन भिंगांच्या कॅमेऱ्याने त्यांनी साऱ्या जगाचे फोटो काढले, दोन्ही डोळ्यांनी बघितले की उठून पुढे येणारे. त्यांच्यामागे त्यांचा स्वतःचा मात्र हा एकच उरला, ताईने काढलेला. चहाचा कप पुढे करून उभे आहेत. पूर्वी म्हणे हात थेट नाकाशी यायचा! आता? "कॅलेंडरवरच्या चित्रासारखे सपाट दिसतात रे," म्हणाली आणि डबी ठेवून दिली.

तिला हात पुन्हा पुढे आलेला दिसला, तर दोन डोळ्यांचं मोल पटून दुसऱ्यालाही तयार होईल. बघू. चाळीस वर्षं घड्याळं उघडतोय, ही डबी काय चीज आहे!

चहा ओतताना कपाबाहेर गेला. टेबल डगमगतंय. पायाखाली पुठ्ठा घातला.

बुधवार, ५

भिंगं पुसली. दिवा बदलला. ताई म्हणते, "सपाटच."

शुक्रवार, ७

घोडं कुठे अडलं ते कळलं! चित्र स्पष्ट करायची फिरकी फिरवली की दोन्ही भिंगं एकदमच सरकतात. ताईच्या एका डोळ्याला आता लांबचं स्पष्ट, दुसऱ्याला जवळचं. एकाची समजूत काढावी तर दुसरा रुसतो. चष्मा घालून बघावं, तर चष्म्याची काच डबीवर आपटते आणि चित्राच्या कडा गायब.

शनिवार, ८

चष्मेवाल्याकडून नंबर तपासायच्या जुन्या काचा मागून आणल्या. "काका, या वयात कारखाना काढताय की काय?" हसला, पण दिल्या. ताईला आधी बरा डोळा उघडा ठेवून फिरकी लावायला सांगितली. मग तो झाकायचा, फिरकीला हात लावायचा नाही, आणि दुसऱ्या डोळ्यासमोर मी एकेक काच धरायची. चौथी जमली! डबीत त्या बाजूला बसवली. काठाला सायकलच्या ट्यूबची पट्टी, म्हणजे कपाळाला टोचायला नको.

रविवार, ९

ताई दोन्ही कोपरं टेबलावर टेकून बसली. डबी डोळ्यांना लावली. मग खुर्चीसकट मागे सरकली!

"अरे, कप लागेल मला!"

हसली, रडली, पुन्हा डोळे लावले. "अहो, किती दिवसांनी चहा विचारलात," हे त्यांना. मग मला, "धुरकट आहेत रे जरा."

"ते धुकं काढायचं तर डॉक्टर—"

"कळलं! तारीख घेते. आता तू बघ."

बघितलं. "छान आहे," म्हणालो.

"हात कुठपर्यंत आला?"

"कुठे यायचाय? चित्रात आहे तिथेच."

ताई माझे डोळे निरखायला लागली.

सोमवार, १०

सकाळी ताईने पुन्हा डबी हातात दिली, आणि माझ्या उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला. "डबीतला दिवा गेला वाटतं," मी म्हणालो. "गेला नाहीये रे," म्हणाली. चाळीस वर्षं उजव्याला भिंग, डावा मिटलेला. त्याची चौकशी करतो कोण!

ताईने दोन तारखा घेतल्या. पहिली माझी.

चहा सांडला म्हणून घातलेला टेबलाखालचा पुठ्ठा काढला. टेबल सरळच आहे.