डागाच्या कातड्याची जुपणी

मी, अंजना भागुजी सोनवणे, वय चौसष्ट, धर्माने बौद्ध, धंदा चामड्याचे पट्टे व बैलांचा साज करणे, राहणार जुन्नर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. मला धाक घालणारा माणूस आहे. परंतु हे लिखाण त्याच्या धाकाने नाही, त्याच्या बंदोबस्तासाठी आहे.

१. दुकानाचा गाळा व मागची खोली पती भागुजी यांनी हयातीतच माझ्या नावे केली. ती माझी मुलगी अमृता हिला एकटीला मिळावी. माझे दीर कुशाबा यांचा त्यात हक्क नाही. गेल्या महिन्यात त्यांनी अमृताला सहीसाठी दुकानात कोंडले व हातोड्याने तिचे मनगट फोडले. तिने सही केली नाही. हाड अजून जुळलेले नाही.

२. कातडे कापायची रापी, भोके पाडायच्या टोकदार आऱ्या, शिवणयंत्र व शिल्लक कातडी अमृताला. आमच्यात भागुजी शिवत आणि कातडे मी पारखी. अमृताने तेच पुढे चालवावे. गोचिडीचे टिपके दिसले तर भिऊ नये, ते वरवरचे असतात. काटेरी तारेचा भरून आलेला ओरखडा चालतो. गिऱ्हाइकाला दाखवून द्यावा. पोटाकडचे कातडे सैल, ते पट्ट्याला घेऊ नये. मात्र लंगड्या जनावराला तापल्या सळईने डाग देतात, त्या जागेचे कातडे जळलेले असते. ते ताणत नाही. घडी घातली की करकरते. असा तुकडा कितीही मोठा असो, जिथे ओढ बसते तिथे वापरू नये.

३. असा एक म्हशीच्या कातड्याचा तुकडा मी बाजूला टाकला होता. भागुजींना नारायणगावच्या दवाखान्यात नेले होते, तेव्हा कुशाबांनी तो उचलला, काळा रंग व मेण चोळून डाग झाकला आणि त्याची जुपणी शिवून एका गाडामालकाला विकली. जुपणी म्हणजे बैलाची मान जुवाला बांधणारा पट्टा. यात्रेत शर्यतीचा गाडा घाट चढताना ती तुटली. जू एका बाजूला पडले, बैल उलटा फिरला आणि गाडा माणसांवर गेला. कळंबच्या प्रयागबाई कानडे यांचा धाकटा मुलगा ऋषी चाकाखाली आला. त्याची छाती चेपली होती. घाटातच गेला.

४. दुसऱ्या दिवशी ऋषीचा थोरला भाऊ पप्पू माणसे घेऊन दुकानावर आला. जुपणी कोणी केली, असे त्याने विचारले. कुशाबा रस्त्याच्या कडेला उभे होते. त्यांनी सख्ख्या भावाकडे बोट केले.

"दादानंच शिवली. मी नको म्हणत व्हतो."

भागुजी आदल्या दिवशीच दवाखान्यातून आले होते. त्यांना धड उभेही राहता येत नव्हते. पप्पूने लोखंडी पाइप त्यांच्या डोक्यात घातला, पडल्यावर पुन्हा घातला. मी हातातली आरी पप्पूच्या दंडात मुठीपर्यंत खुपसली. तरी तो थांबला नाही. मग कोणीतरी मला केसाला धरून भिंतीवर आपटले. शुद्ध आली तेव्हा कातडी रक्तात भिजली होती आणि भागुजी गेले होते. ती सगळी कातडी मी जाळली. आरी पोलिसांनी नेली.

५. ऋषीचे दिवस झाल्यावर प्रयागबाई एकट्या दुकानी आल्या. पिशवीतून तुटकी जुपणी काढून त्यांनी माझ्यापुढे टाकली.

"कुठं तुटली ती दाव. खोटं बोलू नको."

मी दाखवली. तुटलेल्या कडेला रंग मुरला नव्हता. तिथे जळकी, कडक रेघ होती. डागाचा उरलेला अर्धा भाग कुशाबांनी मागच्या खोलीत टाकलेल्या तुकड्यावर होता. दोन्ही जोडून ठेवले. शिवण नायलॉनची होती. भागुजी जन्मभर मेणाच्या सुती दोऱ्याने शिवत. नायलॉन वापरीत ते कुशाबा. बाईंनी जुळलेल्या कडेवरून बोट फिरवले. मग म्हणाल्या, "म्हंजी माझ्या पप्पूनं भलताच माणूस मारला." पुढे कोर्टात त्यांनी स्वतःच्या मुलाविरुद्ध साक्ष दिली. पप्पू तुरुंगात आहे. कुशाबांना कायद्याने धरले नाही.

६. पप्पूला मी माफ केलेले नाही. तो सुटून आला तर अमृताने त्याला दुकानाची पायरी चढू देऊ नये. त्याच्या आईला मात्र नेहमी चहा द्यावा.

७. माझ्या मागे बुद्धवंदना म्हणावी. कुशाबांनी माझ्या देहाला हात लावू नये, खांदा देऊ नये, रडू नये. तरी आलेच तर धरून बाहेर काढावे. त्यात अमृताने लाज धरू नये.

याआधी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही. वरील मजकूर मी साक्षीदारांना वाचून दाखवला व त्यांच्यासमोर सही केली.

ठिकाण : जुन्नर
दिनांक : १९ नोव्हेंबर २०२४
सही : अंजना भागुजी सोनवणे

साक्षीदार १ : ॲड. अश्विनी शिंगोटे, वारूळवाडी (सही)

साक्षीदार २ : प्रयागबाई सयाजी कानडे, कळंब (डाव्या हाताचा अंगठा). त्यांनी सांगितले तसे लिहून घेतले : "मला समदं वाचून दावलं. खरं हाय. माझा एक पोरगा मेला आन् दुसऱ्यानं हिचा मालक मारला. आता अमृताचा हात बरा होईस्तोवर मी रोज एस्टीनं येऊन दुकानात बसती. कुशाबाला यायचं आसंल तर येऊ द्या."